औंधचा प्रातःकाळचा शिरस्ता

सातारा मुलखातील औंध संस्थानची गादी १९०९ साली ज्यांच्याकडे आली, ते भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार, कीर्तनकार आणि कलासंग्राहक असले, तरी त्यांची खरी निष्ठा सूर्यनमस्कारांवर होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. (सक्तीने प्रसन्नता उपजते काय, हे त्या काळच्या पोरांनाच विचारायला हवे होते!) मात्र हुकूम देणारा स्वतःच नित्यनेमाने नमस्कार घालीत असल्यामुळे रयतेला तक्रारीस फारशी जागा नव्हती. हात जोडून मित्र, रवि, सूर्य या नामांचा ओंकारासह उच्चार, मग ओणवे होऊन तळहात भुईला, एक पाय मागे, छाती आणि कपाळ जमिनीस, आणि पुन्हा उभे. देहाबरोबर मनाचीही मरगळ या आवर्तनांनी झडते, अशी त्यांची श्रद्धा होती.