ऑपरेशननंतर पेशंटला हुडहुडी का भरते? आणि ती आधीच कशी टाळता येते?

ऑपरेशन संपतं. डॉक्टर बाहेर येऊन ‘सगळं व्यवस्थित झालं’ असं सांगतात आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. थोड्या वेळानं रिकव्हरी रूममध्ये डोकावलं, तर पेशंटचे दात एकमेकांवर आपटतायत, सगळं अंग थडथड उडतंय. कुणाला वाटतं फिट आली, कुणाला वाटतं ताप चढला. मग पळापळ सुरू होते, ‘सिस्टर, अजून एक ब्लँकेट द्या ना!’

बहुतेक वेळा ही फिटही नसते आणि तापही नसतो. पूर्ण भूल उतरताना अनेक पेशंटना अशी हुडहुडी भरते. ती टाळण्याचं काम मात्र भूल देण्याच्या आधीच सुरू व्हावं लागतं. ब्लँकेट मागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

दोष एसीचा आहे का?

थोडासा आहे. ऑपरेशन थिएटर गार असतं, अंगावर पातळ गाऊन असतो, वरून थंड सलाईन चालू असतं. पण पहिल्या तासात तापमान घसरतं त्याचं मुख्य कारण भूल हेच आहे.

आपल्या शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते जरा इकडेतिकडे झालं की मेंदू लगेच हालचाल करतो. थंडी वाजली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब छाती-पोटात राखून ठेवली जाते. पूर्ण भुलीत हा पहारेकरीच पेंगतो. तापमान २ ते ४ अंशांनी उतरेपर्यंत तो जागा होत नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात, आतलं गरम रक्त गार हातापायांकडे धावतं आणि पहिल्या तासाभरातच आतलं तापमान १ ते दीड अंशानं खाली येतं.

भूल उतरली की मेंदूला जाग येते. तापमान कमी झालंय हे त्याला कळतं आणि तो स्नायूंना कामाला लावतो. स्नायू थरथरले की उष्णता तयार होते. काही वेळा तापमान ठीक असूनही थरथर होते, वेदना हे त्याचं एक कारण. तरुण पेशंटमध्ये आणि लांबलेल्या ऑपरेशननंतर हे जास्त दिसतं.

एवढं मनावर घ्यायचं कशाला?

थरथरताना शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो, कधी दुप्पट, तर कधी त्याहूनही जास्त. धडधाकट पंचविशीतला माणूस हे निभावून नेतो. हृदयविकार असलेल्या पेशंटला ते जड जाऊ शकतं. शिवाय टाके ओढले जाऊन दुखतं ते वेगळंच.

यातली फसवी गोष्ट म्हणजे वयस्कर माणसं कमी थरथरतात, पण त्यांचं शरीर लवकर गार पडतं. त्यामुळे ‘आजोबा शांत झोपलेत, म्हणजे ठीक आहेत’ हा हिशेब चुकू शकतो. थर्मामीटर लावल्याशिवाय खरं कळत नाही.

गार पडण्याचा त्रास थरथरीपुरताही राहत नाही. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटचा अभ्यास छापून आला होता. ज्यांना उबदार ठेवलं त्यांच्यापैकी ६ टक्के लोकांच्या जखमेत संसर्ग झाला, गार पडलेल्यांमध्ये १९ टक्के. पण म्हणून पेशंटला तापवत सुटायचीही गरज नाही. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, ५ हजारांहून जास्त पेशंटच्या अभ्यासात ३५.५ अंशांवर ठेवलेले आणि ३७ वर ठेवलेले यांच्यात मोठ्या गुंतागुंतींचा फरक दिसला नाही.

टाळायची कशी?

भुलीआधी हातपायच गरम करून ठेवले, तर आतली ऊब तिकडे धावणार नाही. याला प्री-वॉर्मिंग म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात: भुलीच्या किमान अर्धा तास आधी ऊब द्यायला लागा, तापमान ३६ च्या खाली असेल तर तातडीचं ऑपरेशन वगळता भूल सुरू करू नका, सलाईन जास्त द्यायचं असेल तर ते ३७ अंशांपर्यंत गरम करून द्या आणि दर अर्ध्या तासाला तापमान मोजा.

ऊब देण्यासाठी गरम हवेचं मशीन वापरतात. कागदी रजईसारख्या पोकळ पांघरुणात नळीनं गरम हवा सोडली जाते. साधं ब्लँकेट ऊब देत नाही, असलेली राखतं. एक थर उष्णतेची गळती साधारण ३० टक्क्यांनी कमी करतो. वर आणखी दोन टाकले तरी त्या मानानं फार फरक पडत नाही.

तरीही थरथर सुरू झालीच तर भूलतज्ज्ञ इंजेक्शन देतात. पेथिडिन त्यासाठी जुनं आणि गुणकारी औषध. ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येत असल्यानं सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून आपल्याकडे ट्रॅमाडॉल बरंच वापरलं जातं. त्यानं मळमळ होऊ शकते.

तुमच्या हातात काय आहे?

आधीच्या ऑपरेशननंतर हुडहुडी भरली होती का, हृदयाचा त्रास आहे का, हे भूलतज्ज्ञांना तपासणीच्या वेळीच सांगा. ‘ऑपरेशनआधी ऊब देण्याची सोय आहे का?’ हे विचारायला लाजू नका. ओटीत नेईपर्यंत पेशंटचे पाय झाकलेले ठेवा.

गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली मात्र स्वतःहून लावू नका. भुलीच्या अमलात असलेल्या पेशंटला चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

थरथर वॉर्डात आल्यावर काही तासांनी सुरू झाली, सोबत ताप असला किंवा रक्त चढवणं चालू असलं, तर तो वेगळा मामला आहे. तेव्हा ब्लँकेट शोधत बसू नका, आधी सिस्टरला हाक मारा.