इंधनटाकीचे स्थानांतर (जुने पिकअप ट्रक)

इंधनटाकीचे स्थानांतर म्हणजे जुन्या पिकअप ट्रकच्या केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे बसवलेली पेट्रोलची मूळ टाकी काढून टाकून वाहनाच्या चॅसीखाली, बहुधा मागील आसाच्या पलीकडे, दुसरी टाकी बसवण्याचे काम होय. अमेरिकेत १९७२ पर्यंत तयार झालेल्या शेव्हरोले, जीएमसी व फोर्ड पिकअप ट्रकांवर हे काम मोठ्या प्रमाणात केले जाते. केबिनमध्ये जागा मिळवणे, पेट्रोलचा वास घालवणे आणि अपघाताच्या वेळी इंधन प्रवाशांपासून दूर ठेवणे हे त्याचे प्रमुख हेतू आहेत. मात्र टाकी हलवल्याने तिच्याशी निगडित धोक्याचे केवळ ठिकाण बदलते. तो कितपत कमी होईल हे नव्या जागेच्या निवडीवर आणि जोडणीच्या दर्जावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

शेव्हरोलेने १९४९ मध्ये आपल्या पिकअप ट्रकची टाकी केबिनमध्ये आसनामागे उभी बसवण्यास सुरुवात केली. १९६० मध्ये आलेल्या सी/के मालिकेत आणि तिच्या १९६७ ते १९७२ या काळातील दुसऱ्या पिढीतही हीच रचना कायम राहिली. त्याच काळातील फोर्ड एफ-१०० मध्येही टाकी आसनामागेच होती. या रचनेचे काही फायदे होते. चिखल, दगड व गंज यांपासून टाकीचे रक्षण होई, इंजिनापर्यंतची नळी आखूड राही आणि हौद्याखालची जागा मोकळी मिळे.

परंतु सुमारे ७५ लिटर पेट्रोल चालक व प्रवासी यांच्या पाठीशी लागून असे. वाहन जुने झाल्यावर भरणनळीचे रबर आणि टाकीवरील जोडांची गास्केटे सुकतात व भेगाळतात. मग पेट्रोलची वाफ केबिनमध्ये शिरते. आसन मागे सरकवता येत नाही, त्यामुळे उंच चालकाची अडचण होते.

कारखान्यांनी केलेला बदल

१९७३ च्या नव्या पिढीत फोर्ड व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी टाकी केबिनबाहेर नेली. जनरल मोटर्सने ती हौद्याखाली, परंतु चॅसीच्या लांब तुळयांच्या बाहेरच्या अंगाला बसवली. त्यामुळे बाजूने धडक बसल्यास टाकी व धडकणारे वाहन यांच्यामध्ये पत्र्याखेरीज फारसे काही उरत नसे. १९७३ ते १९८७ या काळातील या ट्रकांच्या अपघातांत लागलेल्या आगींवरून अनेक दावे दाखल झाले. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसी वाहिनीने या विषयावर कार्यक्रम दाखवला. त्यातील धडकेच्या प्रयोगात आग लागावी म्हणून ठिणगी देणारी साधने लावली होती, हे उघड झाल्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. त्याच महिन्यात जॉर्जिया राज्यातील ज्यूरीने एका दाव्यात कंपनीविरुद्ध १० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निर्णय दिला. तो १९९४ मध्ये अपिलात रद्द झाला. केंद्रीय वाहतूक विभागाची चौकशी डिसेंबर १९९४ मध्ये तडजोडीने संपली. कंपनीने सुरक्षाविषयक कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले आणि ट्रक परत मागवले गेले नाहीत. १९८८ च्या नव्या रचनेत मात्र टाकी तुळयांच्या आत घेण्यात आली.

नव्या जागेची निवड

आज टाकी हलवताना सहसा मागील आसाच्या पाठीमागची, दोन तुळयांच्या मधली जागा निवडली जाते. मूळ ट्रकमध्ये तेथे बहुधा स्टेपनी टांगलेली असते. तिची सोय अन्यत्र करावी लागते. या जागेसाठी तयार टाक्या व कंस यांचे संच मिळतात; शेव्हरोले ब्लेझर किंवा फोर्ड मस्टँग या गाड्यांच्या टाक्याही वापरल्या जातात.

ही जागा बाजूच्या धडकेपासून सुरक्षित असली तरी मागच्या धडकेला ती उघडी असते. फोर्ड पिंटो या मोटारीची टाकी मागील आस व बंपर यांच्या मध्ये होती. मागून धडक बसल्यास ती फुटण्याच्या धोक्यामुळे १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत मागवण्यात आल्या. म्हणून टाकी व बंपर यांच्यात पुरेसे अंतर आणि भक्कम आडवी तुळई असणे आवश्यक मानले जाते. आसाच्या घराकडील बोल्ट किंवा कंसाच्या टोकदार कडा टाकीच्या दिशेने येऊ नयेत. आस वरखाली होताना टाकीला लागणार नाही आणि सायलेन्सरची नळी टाकीपासून दूर राहील, हेही पाहावे लागते.

जोडणी

टाकी पोलादी पट्ट्यांनी धरली जाते आणि घासून भोक पडू नये म्हणून पट्ट्यांखाली रबर घातले जाते. भरणनळी हौद्याच्या बाजूच्या पत्र्यातून किंवा हौद्याच्या तळातील झाकणातून वर आणतात. तिला सतत उतार नसल्यास पेट्रोल भरताना हवा अडकते व पेट्रोल उसळून बाहेर येते. हवा येण्याजाण्याच्या मार्गावर वाहन उलटल्यास आपोआप बंद होणारी झडप बसवतात.

टाकीतील पातळी दाखवणारा सेंडर डॅशबोर्डवरील काट्याशी जुळणारा असावा लागतो. या काळातील जनरल मोटर्सच्या सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना शून्य व भरलेली असताना ९० ओहम असतो. फोर्डच्या सेंडरचा क्रम याच्या उलट, म्हणजे रिकाम्या टाकीला सुमारे ७३ व भरलेल्या टाकीला सुमारे १० ओहम असतो. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या काट्याला जोडल्यास रिकामी टाकी भरलेली भासते. सेंडर चॅसीला नीट अर्थ केलेला नसल्यासही काटा खोटा ठरतो.

इंजिनावरील यांत्रिक पंप लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढू शकतो. परंतु उन्हाळ्यात लांब नळीत वाफ धरण्याचा संभव असतो. त्यामुळे अनेकजण टाकीजवळ विजेचा पंप बसवतात. कार्ब्युरेटरला दर चौरस इंचाला सुमारे ४ ते ७ पौंड इतकाच दाब लागतो. इंधन-अंतःक्षेपणाच्या बहुतेक प्रणालींना तो ४० पौंडांहून अधिक लागतो व त्यासाठी वेगळ्या प्रतीच्या नळ्या वापराव्या लागतात. विजेचा पंप इंजिन बंद पडल्यावरही चालू राहू शकतो, म्हणून धडक बसताच त्याचा वीजपुरवठा तोडणारा स्विच अत्यावश्यक आहे.

जुनी टाकी काढताना

टाकीतील पेट्रोल उपसल्यानंतरही आत वाफ राहते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीवर वेल्डिंग केल्याने स्फोट होऊ शकतो. पूर्णपणे भरलेल्या टाकीपेक्षा अशी टाकी अधिक घातक असते. काम उघड्या, हवेशीर जागी व बॅटरीची जोडणी सोडवून केले जाते.

मूळ स्वरूपाचा प्रश्न

जुनी वाहने मूळ रूपात जतन करणाऱ्यांच्या दृष्टीने टाकीची जागा हा वाहनाच्या इतिहासाचा भाग असतो. त्यामुळे काही मालक केबिनवरील जुन्या भरणनळीचे भोक बुजवण्याऐवजी तेथील झाकण तसेच ठेवतात, नवे कंस वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडतात आणि मूळ टाकी जपून ठेवतात. त्यामुळे हा बदल पुढे पुसून टाकता येतो.