बादशहाजादी झीनतुन्निसा व इस्लामी परंपरेंतील आदर्श स्त्रिया

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा जुना रस्ता कात्रजच्या घाटानें डोंगर ओलांडतो. सिंहगडापासून पूर्वेस भुलेश्वराकडे गेलेल्या रांगेंतील ही खिंड मराठी वाचकास विशेष परिचित आहे ती इ. स. १६६३ च्या एका कथेमुळें. लालमहालांत शाइस्तेखानावर छापा घालून शिवाजी महाराज निसटले, आणि बैलांच्या शिंगांस बांधलेल्या पेटत्या पोतांच्या मागें लागून मोंगल फौज कात्रजच्या घाटाकडे धांवली, अशी ती कथा. छाप्यास समकालीन कागदांचा भक्कम आधार आहे. बैलांची हकीकत उत्तरकालीन बखरींनीं व लोकपरंपरेनें जतन केली आहे. एकाच प्रसंगांत पुरावा व परंपरा अशीं शेजारीं शेजारीं नांदतात, आणि संशोधकास दोहोंचें मोल निरनिराळें लावावें लागतें.

या छाप्यानंतर चाळीस वर्षांनीं, याच डोंगराच्या उत्तरेस, असाच एक दुपदरी प्रसंग उद्भवला. १७०३ च्या एप्रिलांत सिंहगड औरंगजेबाच्या हातीं आला, आणि पुढील महिन्यांत बादशहानें पुण्यास येऊन पावसाळ्यासाठीं छावणी दिली. या मुक्कामांत कामबक्षाचा मुलगा, म्हणजे बादशहाचा नातू, वारला व त्याच्या नांवावरून पुण्यास मुहियाबाद हें नांव पडलें. रायगड पडल्यापासून, म्हणजे १६८९ पासून, शाहूराजे बादशाही कैदेंत होते. बादशहाचा मुक्काम पुण्यास असतां १७०३ च्या मे महिन्यांत हमीदुद्दीनखानास शाहूंकडे पाठवून त्यांनीं मुसलमान व्हावें असें सुचविण्यांत आलें, व शाहूंनीं तें नाकारलें. ही हकीकत यदुनाथ सरकार यांनीं दरबारच्या अखबारांच्या आधारें दिली आहे. येथवर पुरावा झाला. यापुढें मराठी परंपरा सांगते कीं, बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिनें शाहूंसाठीं रदबदली केली, आणि शाहूंच्या ऐवजीं प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव व जगजीवन यांनीं धर्मांतर पत्करून आपल्या धन्यावरील संकट टाळलें.

बेगमेनें शाहूंवर पुत्रवत् माया केली ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मल्हार रामराव चिटणीस यांनीं लिहिलेल्या बखरीपासून आजपर्यंत सर्वत्र येते. परंतु तिचा अर्थ लावतांना आपल्याकडे दोन वाटा रूढ झाल्या आहेत. नाटककार व कादंबरीकार यांनीं बादशहाजादीस मराठा वीरावर अनुरक्त करून गोष्ट शृंगारांत घातली. गंभीर लेखकांनीं, बेगम स्वभावानें कोमल होती व बापाचा धर्माभिमान तिच्या अंगीं नव्हता, असा निर्वाळा दिला. दोन्ही मतांच्या मुळाशीं एकच गृहीत आहे: तिची दया ही तिच्या धर्मनिष्ठेस पडलेली फट होय. आमच्या मतें हें गृहीतच चुकीचें आहे. बेगम निष्ठावंत होती. आणि ज्या श्रद्धेंत ती वाढली त्या श्रद्धेनेंच असल्या वर्तनाचा आदर्श तिच्यापुढें ठेवला होता.

प्रथम बेगमेची ओळख. तिचा जन्म १६४३ चा. आई दिलरसबानू १६५७ त वारली तेव्हां ती चौदा वर्षांची होती. ती जन्मभर अविवाहित राहिली. दक्षिणेच्या स्वारींत सुमारें पाव शतक बादशहाच्या जनान्याची सर्व व्यवस्था तिच्याकडे होती. साकी मुस्तैदखानानें १७१० त पुरा केलेल्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या इतिहासांत तिचें धर्मशास्त्राचें ज्ञान व दानशूरपणा हेच दोन गुण नमूद आहेत. म्हणजे दरबारच्या दृष्टीनें ती विदुषी व धर्मनिष्ठ होती. दिल्लीस यमुनेच्या कांठीं दर्यागंजांत तिनें बांधविलेली झीनतुल्मसाजिद ही मशीद आजहि उभी आहे. १७२१ त मृत्यु पावल्यावर तिला त्याच मशिदीच्या आवारांत पुरलें. ती कबर १८५७ नंतर इंग्रजांनीं काढून टाकली.

आतां ज्या आदर्शांविषयीं आम्ही बोलत आहों ते पाहूं. इस्लामी परंपरेंत चार स्त्रिया पूर्णत्वास पोंचलेल्या मानल्या जातात: ईसाची माता मरियम, फिरऔनाची पत्नी आसिया, पैगंबरांची प्रथम पत्नी खदीजा व कन्या फातिमा. खदीजा ही पैगंबरांच्या वचनावर सर्वांआधीं विश्वास ठेवणारी. फातिमा ही दारिद्र्यांत व शोकांत स्थिर राहिलेली. यांपैकीं मरियम व आसिया यांचा निर्देश कुराणाच्या ६६ व्या सुरेच्या शेवटीं एकत्र येतो, व तो लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. तेथें त्या दोघी केवळ स्त्रियांपुढें ठेवलेल्या नाहींत. श्रद्धा ठेवणाऱ्या सर्वांना, पुरुषांनाहि, त्यांचा दाखला दिला आहे. त्याच ठिकाणीं नूह व लूत या पैगंबरांच्या बायकांचा उलट दाखला आहे: पति पैगंबर असूनहि त्यांचा उद्धार झाला नाहीं. तात्पर्य, स्त्रीची श्रद्धा ही तिची स्वतःची. पतीच्या पुण्यानें ती वाढत नाहीं व पतीच्या पापानें घटत नाहीं.

आसिया हें नांव कुराणांत नाहीं, तें परंपरेनें दिलेलें आहे. कथा अशी कीं, इस्राएलांचीं मुलें फिरऔन मारवीत असतां नदींतून वाहत आलेला मूसा त्याच्या घरींच पोंचतो. २८ व्या सुरेंत त्याची पत्नी म्हणते कीं, हें मूल तुझ्या व माझ्या डोळ्यांना सुख देईल, यास मारूं नका. पुढेंमागें आपल्यास याचा उपयोग होईल किंवा आपण यास पुत्र मानूं. तिच्या विनवणीचा हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ती सत्ताधीशाशीं भांडत नाहीं. मायेच्या शेजारीं उपयोगाची भाषा ठेवते, कारण ऐकणाऱ्यास तीच समजते. पुढें आपल्या श्रद्धेसाठीं तिनें फिरऔनाच्या हातून छळ सोसला, असें परंपरा सांगते.

हे आदर्श मोंगल घराण्यांत केवळ पोथींत पडून होते असें नाहीं. अकबराची आई हमीदाबानू हिला ‘मरियम-मकानी’ व जहांगिराच्या आईस ‘मरियम-उज्जमानी’ असे किताब होते. झीनतुन्निसेची आई दिलरसबानू हिला मरणोत्तर ‘राबिया-उद्दौरानी’, म्हणजे या युगाची राबिया, असें म्हटलें गेलें. ही राबिया म्हणजे आठव्या शतकांतील बसऱ्याची विरक्त साध्वी. नरकाच्या भयानें किंवा स्वर्गाच्या आशेनें केलेली भक्ति ती खरी मानीत नसे. औरंगाबादचा बीबीका मकबरा पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ही गोष्ट ठाऊक नसते कीं, त्या किताबांत बसऱ्याच्या एका निष्कांचन स्त्रीचें नांव आहे. झीनतुन्निसेस मात्र तें आपल्या आईच्या नांवांतून नित्य ऐकूं येत होतें.

पोथींतील व किताबांतील आदर्शाखेरीज घरांतलाहि एक आदर्श तिच्यापुढें होता. तिची आत्या जहानआरा ही १६५८ पासून १६६६ पर्यंत आग्र्याच्या किल्ल्यांत कैदी शहाजहानाच्या सेवेस राहिली. विजयी भावाच्या दरबारीं वैभव भोगण्याऐवजीं तिनें पराभूत बापाजवळ कोंडून राहणें पसंत केलें. आणि पुढें त्याच भावानें तिला ‘पादशाह बेगम’ हा मान दिला. बंदिवानाची सेवा करूनहि बादशहाचा आदर टिकवितां येतो, याचा हा घरचाच दाखला होता. उलट बाजूस थोरली बहीण झेबुन्निसा होती. बंडखोर शहाजादा अकबर याच्याशीं पत्रव्यवहार ठेवल्यामुळें १६८१ त तिला सलीमगडावर कैदेंत टाकलें, व १७०२ त तिचा अंत झाला. औरंगजेबाच्या घरांत दयेस किती जागा आहे व ती कोठें संपते, हें झीनतुन्निसेस या दोघींकडे पाहून कळण्यासारखें होतें. १६९३ त जिंजीहून अटकेंत आणलेल्या कामबक्षास बापापुढें जनान्यांत उभें करण्यांत तिचीच मध्यस्थी होती. रदबदली हा तिचा पायंडाच दिसतो, व तो बापाशीं उघड विरोध न करतां चालविलेला आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, शाहूंस जिवंत ठेवण्यांत बादशहाचा राजकीय हेतु होता; मराठ्यांचा वारस हातीं असणें फायद्याचें होतें. हें खरेंच आहे. सात हजारी मनसब व राजा हा किताब हीं केवळ मायेपोटीं दिलीं गेलीं नाहींत. १७०७ च्या मे महिन्यांत आझमशहानें शाहूंस सोडलें तेंहि ताराबाईंच्या पक्षांत फूट पडावी म्हणून, व येसूबाईंस ओलीस ठेवून. त्या १७१९ त परत आल्या. परंतु राजकारणानें शाहूंचा जीव वांचण्याचें कारण सांगतां येतें; कैदेंतील अठरा वर्षांनंतरहि शाहूंच्या मनांत बेगमेविषयीं जो आदर राहिला, त्याचें कारण त्यानें उलगडत नाहीं. शिवाय आसियेच्या विनवणींतच माया व उपयोग हीं एकत्र आहेत, हें वर दाखविलेंच आहे. एक आहे म्हणून दुसरें खोटें, असा न्याय येथें लागू पडत नाहीं.

बादशहास फिरऔन ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. साम्य आम्ही पाहतों तें त्या दोन स्त्रियांच्या स्थितींत: दोघीहि सत्तेच्या घरांत, दोघींपुढें शत्रूचें मूल, आणि दोघींच्या हातीं शब्दावांचून शस्त्र नाहीं. या साम्यास एक कटु बाजूहि आहे, ती झांकून चालणार नाहीं. फिरऔनाच्या वाड्यांत वांचलें तें एकच मूल. १७०३ त शाहूंचा धर्म राहिला, पण परंपरा खरी मानल्यास त्याची किंमत गुजर बंधूंनीं भरली. बेगमेच्या रदबदलीनें संकट हटलें नाहीं, दुसऱ्याच्या दारीं गेलें. तिची थोरवी सांगतांना गुजरांचें नांव न घेणें हा अन्याय होईल, आणि गुजरांचा त्याग सांगतांना बेगमेस वगळणें हाहि तितकाच.

उत्तरायुष्यांत तिच्या निष्ठेचें दुसरें अंग दिसतें. १७१२ त जहांदारशहाची प्रिय नाटकशाळा लालकुंवर हिचा दरबारीं बोलबाला झाला, तेव्हां सत्तरीस टेकलेल्या या बादशहाजादीनें तिला मान देण्याचें साफ नाकारलें. जी स्त्री कैदी मराठा पोरासाठीं वांकली ती बादशहाच्या मर्जींतील बाईसाठीं वांकली नाहीं. नुसत्या कोमल स्वभावानें या दोन गोष्टींची संगति लागत नाहीं, निष्ठेनें लागते.

मराठ्यांच्या इतिहासांत मोंगल छावणी येते ती शत्रूची म्हणून, व तें योग्यच आहे. कात्रजच्या घाटाची कथा त्या वैरांतूनच जन्मली. परंतु शत्रूच्या गोटांतील चांगुलपणा आढळला म्हणजे तो त्याच्या धर्माबाहेरचा मानावयाचा, ही संवय इतिहासास घातक आहे. तिनें त्या व्यक्तीचेंहि चित्र बिघडतें व धर्माचेंहि. ज्यांच्या संग्रहीं फारसी दप्तरें आहेत त्यांस आमची विनंति आहे कीं, जनान्यांतील स्त्रियांचे शिक्के, किताब, दानपत्रें व त्यांनीं लिहविलेल्या कुराणाच्या प्रती किरकोळ समजून बाजूस ठेवूं नयेत. मरियम, आसिया, खदीजा, फातिमा व राबिया हीं नांवें कोणत्या किताबांत, कोणत्या मुलींच्या नांवांत व कोणत्या दानलेखांत येतात, याची नुसती यादी झाली तरी, तलवारीच्या इतिहासाशेजारीं श्रद्धेचा इतिहास मांडण्यास आधार मिळेल. गुजर घराण्याच्या वंशजांकडील कागदांचा विचारहि याच कामांत व्हावा.