सागरभ्रमण शिडनौकेचा आकार

सागरभ्रमण शिडनौका म्हणजे जिच्यावर राहून, स्वयंपाक करून व आळीपाळीने पहारा देत अनेक दिवसांचा प्रवास मुख्यतः शिडांच्या बळावर करता येतो अशी नौका. अशा नौकांची लांबी साधारणपणे २५ ते ६० फूट असते. लहान नौका घ्यावी की मोठी, हा निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागतो. वेग, स्थैर्य, लागणारे हात आणि दरवर्षीचा खर्च हे सारे त्यावर अवलंबून असते. भारताशी संबंधित पृथ्वीप्रदक्षिणांमध्ये ३२ फुटांपासून ५६ फुटांपर्यंतच्या नौका वापरल्या गेल्या असून त्यांपैकी काही मुंबईत व गोव्यात बांधलेल्या आहेत.

लांबी आणि वेग

पाणी सारत जाणारी जड नौका एका मर्यादेनंतर स्वतःच निर्माण केलेल्या लाटेत अडकते. पाण्याच्या पातळीवरील लांबीच्या (फुटांत) वर्गमुळाला १.३४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. पाण्यावर २५ फूट लांब असलेल्या नौकेसाठी ती ६.७ नॉट, तर ४९ फुटांसाठी सुमारे ९.४ नॉट येते. फरक किरकोळ वाटला तरी महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात तो मोठा होतो. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ३२ फुटी 'सुहेली'ने सुमारे ३०,००० सागरी मैलांना ३१२ दिवस घेतले. म्हणजे दिवसाला शंभराहून थोडे कमी मैल. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ५६ फुटी 'म्हादेई'वरून मुंबई ते मुंबई विनाथांबा प्रदक्षिणा केली, तेव्हा ही सरासरी दीडशे मैलांच्या घरात होती. अर्थात दोन्ही नौकांच्या बांधणीत चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे सारे श्रेय लांबीला देता येत नाही.

स्थैर्य

नौकेची सर्व मापे दुप्पट केली, तर शिडाचे क्षेत्रफळ चौपट, वजन आठपट आणि कललेल्या नौकेला पुन्हा सरळ करणारे आघूर्ण सोळापट होते. म्हणून मोठी नौका त्याच वाऱ्यात कमी कलते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला. त्यानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रतिकृतींवर झालेल्या चाचण्यांत असे दिसले की, नौकेच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची फुटणारी लाट बाजूने आल्यास काही नौका उलटतात आणि ६० टक्के उंचीची लाट चाचणीतील सर्वच नौकांना उलटवते. ३२ फुटी नौकेसाठी धोक्याची ही सुरुवात साडेनऊ फुटांच्या लाटेपासून होते. ५६ फुटींसाठी जवळजवळ सतरा फुटांपासून. दक्षिण महासागरात दोन्ही लाटा दुर्मीळ नाहीत.

लहान नौका

'सुहेली' मुंबईत सागवानी लाकडात बांधली गेली. तिचा आराखडा विल्यम ॲटकिन यांच्या 'एरिक' या जुन्या नमुन्याचा होता. विनाथांबा प्रदक्षिणेसाठी नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मनात ५३ फुटी पोलादी नौका होती, परंतु तिच्यासाठी पैसा उभा राहिला नाही आणि ते हाताशी असलेल्या नौकेवरच निघाले. एकट्याने विनाथांबा केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ठरली.

'सुहेली'चीच प्रतिकृती असलेली 'थुरिया' गोव्यात बांधण्यात आली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिण भागात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या व टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज 'ओसिरिस'ने त्यांची सुटका केली. यावरून लहान नौका निकामी असते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच वादळात सापडलेली एक ३६ फुटी नौका पुढे शर्यत पूर्ण करू शकली, आणि २०२२ च्या शर्यतीत टॉमी स्वतः 'बायानात' या ३६ फुटी नौकेवरून २३६ दिवसांत दुसरे आले. भारतीय लष्कराच्या अभियंता दलाने १९८५-८७ मध्ये केलेली प्रदक्षिणाही 'तृष्णा' या ३७ फुटी नौकेवरूनच झाली होती.

मोठी नौका

नौदलाच्या 'सागर परिक्रमा' उपक्रमाची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. त्यासाठी रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडी बेटावरील (गोवा) गोदीत 'म्हादेई' बांधली गेली. आराखडा डच 'व्हॅन डी स्टॅट' संस्थेचा, वजन सुमारे २३ टन. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात चार बंदरांत थांबत तिच्यावरून एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत.

मोठ्या नौकेची खरी अडचण शिडांची असते. वारा अचानक वाढला की एकट्या माणसाला ते ओले, जड कापड उतरवावे किंवा गुंडाळावे लागते, आणि तेही डोळ्यांवर झोप असताना. स्वयंचलित सुकाणू, चरख्या व गुंडाळशिडे यांमुळे हे शक्य होते, मात्र ती यंत्रणा बिघडली की नौकेचा आकारच ओझे बनतो. त्याच आराखड्याच्या 'तारिणी'वर २०१७-१८ मध्ये सहा, तर २०२४-२५ मध्ये केवळ दोन महिला अधिकारी होत्या.

कोकण किनाऱ्यावरील विचार

कोकणातील अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळू साचलेली असते. खोल कील असलेली मोठी नौका तेथे भरतीची वाट पाहत बाहेर थांबते. कमी खोलीची नौका आत जाऊन वाऱ्यापासून आडोसा घेते. मराठा आरमारातही हा भेद होता. गुराबे मोठी, तोफा वाहणारी. गलबते लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून नेत.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उघड्या नांगरवाड्यात नौका ठेवणे धोक्याचे असते. मासेमारीच्या होड्या या दिवसांत किनाऱ्यावर ओढून शाकारतात. ३० फुटी शिडनौका साध्या क्रेनने बाहेर काढता येते, तर वीस टनांपेक्षा जड नौकेला गोदी किंवा सुरक्षित बंदर शोधावे लागते. शिडे, दोर, रंग आणि बंदराचे भाडेही लांबीबरोबर वाढत जात असल्याने खरेदीच्या किमतीपेक्षा हा वार्षिक खर्च आधी मांडून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.