गोटी थांबली, पण कुठे?

उथळ परातीत एक गोटी सोडून पाहू. ती घरंगळत तळाकडे जाते. परातीचा तळ जवळजवळ सपाट असल्याने गोटी मध्यापासून दोन बोटे दूर असली तरी तिच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. म्हणजे केवळ उंची पाहून ती मध्यावर पोचली असे म्हणता येणार नाही. पदार्थातील अणूंची रचना संगणकावर शोधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तेथे उंचीच्या जागी ऊर्जा असते, इतकेच.

सर्वांत तीव्र उताराच्या दिशेने उतरत जाण्याची रीत फ्रेंच गणिती कोशी यांनी १८४७ मध्येच मांडली होती. अणूंच्या बाबतीत उतार म्हणजे अणूवरील बल. ते काढण्याचे सोपे सूत्र हेलमान यांनी १९३७ मध्ये आणि फाइनमन यांनी १९३९ मध्ये दिले. फाइनमन यांनी ते पदवीच्या प्रबंधासाठी केले होते!

तळाजवळ अंतर निम्मे झाले की बलही निम्मे होते. ऊर्जेतील फरक मात्र पाव होतो. त्यामुळे ऊर्जा आधीच स्थिरावल्यासारखी वाटते. म्हणून बलाचीही अट घालतात : प्रत्येक अणूवरील बल, उदाहरणार्थ, दर अँगस्ट्रॉमला ०.०१ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी झाले की थांबायचे.

पण बल शून्य झाले म्हणजे सारे संपले का? सिलिकॉनची कथा पाहू. त्याच्या एका पृष्ठभागावरील अणू जोड्या करून बसतात, असे १९५९ मध्ये श्लायर व फार्न्सवर्थ यांनी सुचवले. या जोड्या समतल की कललेल्या? समतल जोडीपासून गणित सुरू केले तर सममितीमुळे ती समतलच राहते, बल शून्यावर येते आणि अट पुरी होते. चादी यांनी १९७९ मध्ये गणिताने दाखवले, की कललेल्या जोडीची ऊर्जा त्याहून कमी असते. तरीही १९८५ मध्ये सूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून बऱ्याच जोड्या समतलच दिसल्या. वाद रंगला. १९९२ मध्ये वोल्को यांनी सिलिकॉन उणे १५३ अंश सेल्सियसपर्यंत थंड केले, तेव्हा कललेल्या जोड्यांची संख्या वाढलेली दिसली. नेहमीच्या तापमानाला जोड्या इतक्या वेगाने इकडून तिकडे कलतात, की सूक्ष्मदर्शकाला त्यांची सरासरीच दिसते.

खोगिराच्या बरोबर मध्यावर ठेवलेली गोटीही थांबते. पण हलका धक्का देताच ती खाली घसरते. म्हणून गणित थांबल्यावर अणूंना किंचित हलवून पुन्हा पाहावे लागते. कधी थांबायचे हे अट सांगते. कुठे थांबलो हे आपणच तपासायचे असते.