लव्हेंडर टाउनचा मनोरा

तुमची मुलं नव्वदच्या दशकात अमेरिकेत वाढली असतील, तर तो करड्या रंगाचा गेमबॉय तुमच्याही घरात असणार. भारतवारीच्या लांबलचक प्रवासात त्याच्यासारखा सोबती नव्हता, फक्त जास्तीचे सेल बरोबर घ्यावे लागत. त्या काळी मारधाडीच्या व्हिडिओ गेम्सवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून यायचे. ते खेळ आपल्या घरात नाहीत ना, एवढं पाहिलं की आपण निर्धास्त. पोकेमॉन, मारिओ, झेल्डा म्हणजे रंगीबेरंगी, निरुपद्रवी. त्या रंगांत किती अंधार दडलेला होता, हे मला जरा उशिरा कळलं.

१९९९च्या फेब्रुवारीत माझी आई पुण्यात गेली. सगळ्यांची तिकिटं काढणं शक्य नव्हतं, म्हणून मी एकटाच जाऊन आलो. एडिसनला परतल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, "बाबा, आजीचं थडगं कुठे आहे?" आपल्यात थडगं बांधत नाहीत, असं सांगितलं आणि हे तुझ्या डोक्यात कुठून आलं, असं विचारलं. त्यानं गेमबॉय माझ्या हातात दिला.

पोकेमॉनचे पहिले खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ला आले, अमेरिकेत सप्टेंबर १९९८मध्ये. प्राणी पकडायचे, त्यांना तयार करायचं आणि एकमेकांशी लढवायचं, एवढाच मामला. या लढतींत कोणी मरत नाही. हरलेला प्राणी फक्त मूर्च्छा येऊन पडतो. केंद्रात नेला की क्षणात ठणठणीत. कित्येक तास मूल हा नियम गृहीत धरून खेळतं आणि मग लव्हेंडर टाउन नावाच्या लहानशा गावात येऊन पोचतं. तिथे एक उंच मनोरा आहे आणि त्याच्या मजल्यामजल्यांवर थडगी आहेत. म्हणजे हे प्राणी मरतात तर!

मनोऱ्यात एक भूत वाट अडवतं. त्याची ओळख पटत नाही आणि तुमचा प्राणी भीतीनं लढायलाच तयार होत नाही. पुढे एक खास दुर्बीण मिळते, तिच्यातून पाहिलं की कळतं, ही मॅरोवॅक नावाची आई आहे. टीम रॉकेट या टोळीच्या तावडीतून निसटताना मारली गेलेली. तिचं पिल्लू मागे राहिलंय. तिला पकडता येत नाही. लढून शांत केल्यावर तिचा आत्मा निघून जातो आणि वाट मोकळी होते. आतापर्यंत जे जे दिसेल ते पकडायला शिकवणारा खेळ इथे प्रथमच सांगतो, हिला जाऊ दे.

या गावाला ज्युनिची मासुदा यांनी दिलेली धून चिरकी आणि विचित्र आहे. ती ऐकून जपानमध्ये मुलं दगावली, अशी अफवा पुढे इंटरनेटवर पसरली. ती निव्वळ थाप आहे. मला त्या अफवेचं नवल वाटत नाही. लहानपणी आत कुठेतरी काहीतरी लागलं होतं, त्याला मोठेपणी कारण शोधत होते बिचारे.

मुलांच्या खेळात भीती घालणं तेव्हा नवीन नव्हतं. १९९०च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये भुतांची घरं होती, आणि मारिओचा लाडका योशी त्यांच्या दारातच थांबायचा, आत यायचा नाही. १९९१च्या सॉनिकमध्ये पाण्याखाली श्वास संपत आला की संगीताची गती वाढत जायची. ती आठवली की आज चाळिशीला आलेली माणसंही घुसमटतात. पण हे सगळं दचकवण्यापुरतं. आपल्या गोष्टींतही लेकीकडे निघालेल्या म्हातारीला खायला वाटेत वाघ टपलेला असायचाच की.

झेल्डाचं प्रकरण वेगळं. नोव्हेंबर १९९८च्या ऑकरिना ऑफ टाइममध्ये नायक लिंक सात वर्षं झोपून उठतो आणि राजवाड्याजवळच्या बाजारात येतो. लहानपणी तिथे कुत्री बागडत होती, जोडपी नाचत होती. आता पडक्या घरांमधून फक्त मढी फिरतात. ती किंचाळली की तुम्ही जागच्या जागी थिजता. पण पोटात गोळा आणतो तो बाजारच, कारण तो तुम्ही भरलेला पाहिलेला असतो.

त्यानंतरचा मेजोराज मास्क घाईत झाला. त्याच साच्यातले नकाशे जरा फिरवून द्यावेत, ही मूळ सूचना एजी आओनुमांना पटली नव्हती. मग शिगेरू मियामोतोंनी अट घातली, एका वर्षात नवा खेळ करून दाखवा. एवढ्या वेळात नवी पात्रं घडवणं अवघड, म्हणून जुन्या खेळातलेच चेहरे वापरले, नावं आणि आयुष्यं बदलून. काटकसरीतून भलतीच गोष्ट साधली. चेहरे सगळे ओळखीचे, आणि तुम्हाला ओळखणारं कोणीच नाही. दहा-बारा वर्षांनी गावी जाऊन आपल्या गल्लीत उभे राहिला असाल, तर मी काय म्हणतोय ते कळेल.

योशिआकी कोइझुमी तेव्हा ठरावीक दिवस पुन्हा पुन्हा जगण्याच्या एका खेळावर काम करत होते. ती कल्पना यात आली. आकाशात दात विचकणारा चंद्र, तो तीन दिवसांत गावावर कोसळणार. तुम्ही काळ मागे फिरवायचा आणि पहिल्या सकाळपासून पुन्हा सुरुवात करायची. गावाचं संगीत दुसऱ्या दिवशी चढ्या लयीत, तिसऱ्या दिवशी त्याहून चढ्या. पोस्टमनला पळून जायचं असतं, पण वेळापत्रकात तसं लिहिलेलं नाही म्हणून तो थांबून राहतो. गावाबाहेरच्या गोठ्यात थोरली बहीण धाकटीला शेवटच्या रात्री मोठ्यांनीच प्यायचं दूध देते. का, ते ती सांगत नाही. समुद्रात एक जखमी गिटारवाला सापडतो. त्याला ढकलत किनाऱ्याला आणायचं, त्याचं ऐकून घ्यायचं आणि एक धून वाजवायची, की तो शांतपणे जातो. त्याचं थडगंही तुम्हीच रचता.

या खेळाच्या वेष्टनावर 'सर्वांसाठी' असा शिक्का होता. रक्त नाही, शिव्या नाहीत, मग हरकत कसली? तपासणाऱ्यांची काही चूक नव्हती. दुःखाला कुठला शिक्का लावणार?

हा खेळ अमेरिकेत ऑक्टोबर २०००मध्ये आला. त्याच महिन्यात पोकेमॉनचा पुढचा भागही आला, गोल्ड आणि सिल्व्हर. त्यात बऱ्याच मजला मारल्यावर पहिल्या खेळाच्या प्रदेशात परत जाता येतं. नाताळच्या सुट्टीत मुलगा लव्हेंडर टाउनला पोचला आणि गेमबॉय घेऊन माझ्याकडे आला. मनोरा नव्हता. त्या जागी रेडिओ केंद्र झालं होतं. थडगी हलवून एका लहान घरात ठेवली होती.

"मॅरोवॅक कुठे गेली मग?" त्यानं विचारलं.

त्याच वर्षी आमचा पुण्यातला वाडा बिल्डरकडे गेला होता. भावानं पाठवलेले फोटो दोन महिने टीव्हीखालच्या खणात पडून होते. मी ते बाहेर काढले आणि त्याला शेजारी बसवलं.