सीतेचे फळ, सातासमुद्रापलीकडचे

मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापुरात केळी, सीताफळ, पेरू, पपई ही सारी घरचीच फळे. यांतले मूळचे इथले कोणते? केळ्याचे मूळ न्यू गिनी व आग्नेय आशियात; पण ते इतक्या पूर्वी आले, की केळीच्या खुंटांशिवाय सत्यनारायणाची पूजा मांडली जात नाही. उरलेली तिन्ही मूळची अमेरिकेतली. अननसही तिकडचाच. त्याची नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे. तो फिरंग्यांच्या बंदरांतून येतो, असे जहांगीर लिहितो.

अननसाने आपले परदेशी नाव राखले. सीताफळाला मात्र आपण सीतेचे नाव दिले आणि त्यावरून ते रामायणकाळाइतके जुने मानले. भारहूतच्या शिल्पांत कनिंगहॅमला सीताफळ दिसले, त्यावरही विद्वानांत वाद झाला. उलट वऱ्हाड-खानदेशातली बसराई केळी ज्या कॅव्हेंडिश गटातली, त्याला नाव आहे एका इंग्रज ड्यूकच्या घराण्याचे!

नावावरून मूळ शोधू गेल्यास अशी फसगत होते. 'आपले' आणि 'परके' ठरवण्याची घाई फळांच्या बाबतीतही बरी नाही. सीताफळ आज सातपुड्याच्या उतारांवर आपोआप उगवते. त्याला परके कोण म्हणेल?